न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन: भाड्याने घेण्यापासून परत करेपर्यंत

कॅम्परव्हॅनचा प्रवास आखताना बहुतेक जण नकाशा उघडून ठिकाणांची यादी करतात आणि त्या यादीत बसेल अशी गाडी शोधतात. आधी गाडी समजून घेतली तर आखणी सोपी होते. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी असते, सांडपाण्याची टाकी असते, शौचालयाची मैला साठवणारी पेटी असते आणि बॅटरी असते. दोन माणसं नेटकेपणाने राहिली तर या चार गोष्टींपैकी काहीतरी साधारण तिसऱ्या दिवशी संपतं किंवा भरतं. म्हणून दोन रात्री निसर्गात आणि तिसरी रात्र वीज-पाण्याची सोय असलेल्या मुक्कामाच्या तळावर, या हिशेबानं प्रवास बसवायचा. दक्षिण बेटावर हे छान जमतं, कारण तिथे अंतरं मोठी असली तरी मुक्कामाच्या जागा भरपूर आहेत आणि वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात.

कधी जायचं

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि तिथले ऋतू उलटे पडतात. मे महिन्यात तिथे शरद संपून हिवाळा लागतो. मेअखेरीस क्राइस्टचर्चला सूर्य पावणेआठच्या पुढे उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे गाडी चालवायला, पायवाटेने फिरायला आणि स्वयंपाकाला मिळून जेमतेम नऊ तासांचा उजेड. भाडं मात्र तेव्हा पुष्कळ उतरतं. नाताळ ते जानेवारीअखेर तिथल्या शाळांना सुट्टी असते, त्या काळात तीच व्हॅन दुप्पट-तिप्पट दराने जाते आणि किमान किती दिवस घ्यायची याची अटही वाढते.

सुट्टी हातात असेल तर फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलचा मध्य हा काळ सगळ्यात चांगला: हवा स्थिर, तळांवर गर्दी कमी, एप्रिलमध्ये वानाका आणि ॲरोटाउनकडची झाडं पिवळी होतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर वसंत मिळेल. पाऊस आणि वारा अधिक, पण धबधबे भरलेले आणि डोंगरमाथ्यावर बर्फ. टेकापोची जांभळी लुपिन फुलं साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून दिसू लागतात, त्यामुळे ऑक्टोबरची दिवाळी असेल तर त्यांच्या आशेवर राहू नका.

कोणती व्हॅन

जाहिरातीतला ‘टू बर्थ’, ‘फोर बर्थ’, ‘सिक्स बर्थ’ हा आकडा झोपायच्या जागांचा असतो. सीटबेल्ट किती आहेत हे वेगळं विचारावं लागतं. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या सीटचा पट्टा अडकवायची कडी नेमक्या कोणत्या आसनामागे आहे हेही लेखी विचारा. न्यूझीलंडमध्ये सात वर्षांखालच्या मुलाला योग्य सीटशिवाय बसवता येत नाही, आणि व्हॅनच्या मागच्या बाकांवर ती बसेलच असं नाही.

दोघांसाठी सुद्धा उभं राहता येईल अशी, आत पक्कं शौचालय असलेली स्प्रिंटर किंवा डुकाटोच्या आकाराची व्हॅन घ्या. हायएससारखी छोटी गाडी स्वस्त पडते, वळवायला सोपी असते. पण तीन दिवस पाऊस लागला तर आत वाकून वाकून पाठ धरते, आणि पक्कं शौचालय नसलं तर मोफत मुक्कामाचे बरेचसे मार्ग बंद होतात. चौघांचं कुटुंब असेल तर सिक्स बर्थ घेणं बरं. दिवसा टेबल आणि रात्री पलंग ही रोजची मोडतोड दोन दिवसांत नकोशी होते, सिक्स बर्थमध्ये निदान एक पलंग कायम लावलेला ठेवता येतो.

मोठ्या गाड्या साडेतीन टनांच्या पुढे असू शकतात. साध्या कारच्या परवान्यावर तिथे सहा टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं, पण साडेतीन टनांवरच्या गाडीला वेगमर्यादा शंभरऐवजी ताशी ९० किमी आहे. उंची तीन मीटरच्या पुढे असते. गाडीची नेमकी उंची आणि लांबी कागदावर लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवा. सुपरमार्केटच्या वाहनतळावरचे आडवे दांडे आणि झाडांच्या खाली आलेल्या फांद्या छतच फोडतात.

परवाना, ठेव आणि विमा

महाराष्ट्रातला स्मार्ट कार्ड परवाना इंग्रजीत असल्याने तिथे चालतो. मात्र प्लास्टिकचं मूळ कार्ड हवं, फोनमधला डिजिलॉकर भाड्याच्या कंपनीच्या डेपोवर चालत नाही. परवाना जुन्या पुस्तिकेचा किंवा इंग्रजी नसलेला असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. चालकाचं वय बहुतेक ठिकाणी किमान २१ लागतं. दुसरी व्यक्तीही गाडी चालवणार असेल तर तिचं नाव करारात आलंच पाहिजे. नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा लागू होत नाही.

खर्चाचा खरा कणा म्हणजे ठेव. साधा विमा घेतला तर नुकसानीत पहिले काही हजार डॉलर तुमचे असतात. ही रक्कम साधारण ५,००० ते ७,५०० न्यूझीलंड डॉलर असते आणि गाडी घेताना क्रेडिट कार्डावर अडकवली किंवा कापली जाते. कार्ड करारातल्या चालकाच्याच नावाचं हवं आणि त्यावर तेवढी मर्यादा हवी. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड घेतीलच असं नाही. पैसे कापून नंतर परत केले तर दोन्ही वेळच्या विनिमय दरातला फरक आणि बँकेचं शुल्क तुमच्या अंगावर पडतं. दिवसाला जादा पैसे भरून ही जबाबदारी शून्यावर आणता येते. परक्या रस्त्यांवर पहिल्यांदा सात मीटरची गाडी चालवणार असाल तर हे पैसे वाचवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पूर्ण विम्यातूनही काही गोष्टी वगळलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच घडतात. छताला वरून लागणं, गाडीचा तळ घासणं, चुकीचं इंधन भरणं, पाण्यात किंवा वाळूत गाडी घालणं, दुसऱ्या वाहनाशी संबंध नसताना आपली आपण उलटणं. या प्रत्येकाबद्दल करारात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी मोडणं हेही तिथलं नेहमीचं नुकसान. कँटरबरीच्या मैदानात वायव्येचा वारा सुटला की दाराचं हँडल हातात घट्ट धरूनच उघडायचं, आणि गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची.

करारात बंदी असलेले रस्तेही असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन रस्ता जवळजवळ सगळ्यांच्या यादीत असतो. माउंट कुकजवळचा बॉल हट रस्ता आणि उत्तर बेटावरचा नाइन्टी माइल बीचही तसाच. कच्च्या रस्त्यांवर एकूणच मनाई, फक्त मुक्कामाच्या तळापर्यंतचा छोटा खडीचा तुकडा चालतो. किती लांबीपर्यंत चालतो ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून विचारून घ्या.

डिझेल गाडी असेल तर आणखी एक शुल्क असतं, रोड यूजर चार्ज. तिथे डिझेलच्या पंपावरच्या किमतीत रस्त्याचा कर नसतो, तो किलोमीटरप्रमाणे वेगळा घेतात. भाड्याच्या व्हॅनला दर १०० किमीला अंदाजे सात ते दहा डॉलर धरा. दोन हजार किमीला दीड-दोनशे डॉलर होतात, आणि तुलना करताना हेच हमखास विसरलं जातं.

गाडी ताब्यात घेताना

भारतातून तिथे पोचायला एक तरी विमान बदलावं लागतं आणि झोप पुरती विस्कटते. उतरल्या दिवशी हॉटेलात राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या. क्राइस्टचर्चचे बरेच डेपो विमानतळाच्या आसपास आहेत आणि दुपारी साडेचार-पाचला बंद होतात.

ताबा घेताना निदान दीड तास काढा. बाहेरून चारही बाजू, छत, पुढची काच, चाकं आणि शक्य असेल तर तळ यांचा सलग व्हिडिओ काढा. काचेवरचा तांदळाएवढा टवकाही नोंदवून घ्या. मग आतली प्रत्येक गोष्ट चालवून बघा. पाण्याचा पंप लावून नळ सोडा, चूल पेटवा, फ्रिज चालू करा, डिझेल हीटर दहा मिनिटं चालवा. हीटर उशिरा पेटतो आणि आधी फुरफुरतो, ते साहजिक आहे. बाहेरून वीज घ्यायची निळी वायर, पाणी भरायचा नळा आणि सांडपाणी सोडायचा नळा वेगवेगळे आहेत याची खात्री करा. गॅसची झडप, फ्यूजची पेटी आणि बॅटरी तोडायचं बटण कुठे आहे ते दाखवायला लावा. रात्री दोन वाजता अंधारात ते सापडत नाही.

विजेचं गणित

व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करायला, दुसरी घराची. घरच्या बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज, हीटरचा पंखा आणि यूएसबी चालतं. भिंतीवरचे तीन दात्यांचे सॉकेट, मायक्रोवेव्ह, टोस्टर हे फक्त तळावरची वीज जोडल्यावर चालतात. ‘गाडीतला प्लग बिघडला’ ही तक्रार निम्म्या वेळा यातूनच येते. तिथल्या प्लगचे दाते तिरपे असतात, आपला चार्जर त्यात बसत नाही. एक अडॅप्टर आणि त्यावर भारतातली साधी एक्स्टेन्शन वायर एवढं नेलं की भागतं.

शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. फ्रिज एकटा दिवसाला चाळीसच्या आसपास खातो. म्हणजे गाडी जागची न हलवता सव्वा दिवस गेला की फ्रिज बंद पडायला सुरुवात होते. दोन-तीन तास गाडी चालली की पुन्हा भरते. त्यामुळे एकाच ठिकाणी सलग दोन रात्री राहायचं असेल तर त्यातली निदान एक रात्र वीज जोडणीच्या जागेवर काढा.

पाणी आणि शौचालय

ताज्या पाण्याची टाकी बहुधा ८० ते १०० लिटरची. भांडी, हातपाय आणि दोन मिनिटांची अंघोळ मिळून माणशी रोज वीस लिटर जातात. टाकी फक्त पिण्यायोग्य पाण्याच्या नळावरून भरा आणि त्यासाठीचा नळा शौचालयाच्या पेटीजवळ कधीही नेऊ नका.

शौचालयाची पेटी १७ ते २० लिटरची असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. रिकामी करायची जागा म्हणजे डंप स्टेशन. प्रत्येक गावात नसलं तरी बऱ्याच गावांत असतं, कॅम्परमेट या ॲपवर नकाशात दिसतं. हातमोजे घाला. आधी आतलं झाकण सरकवून पूर्ण बंद करा, नाहीतर पेटी ओढताना अडकते किंवा सांडते. बाहेरच्या दारातून पेटी ओढा, आडवी न करता न्या, ओतायची नळी फिरवून टोपण काढा आणि ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. हे बटण दाबलं नाही तर पाणी गचके देत उडतं. तिथल्या धुण्याच्या नळाने दोनदा विसळा. मग आत दोन लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलंय तेवढं रसायन घाला, बहुतेकांना १०० ते १५० मिली लागतं. शौचालयाचा कागद लवकर विरघळणारा वापरा. ओले वाइप्स आत टाकले तर पेटीचं तोंड तुंबतं, आणि ते साफ करायचं काम तुमच्याकडेच येतं.

सांडपाणी रस्त्याच्या कडेला किंवा गवतात सोडणं गुन्हा आहे. भांडी तलावात घासणंही टाळा, साबण ‘नैसर्गिक’ असला तरी. फोडणीचं तेल मोरीत गेलं की टाकीला वास सुटतो. कढई आधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकायचा, मग धुवायची.

मोफत मुक्काम: नियम काय म्हणतात

न्यूझीलंडमध्ये रस्त्याकडेला वाटेल तिथे झोपता येतं हा समज जुना झाला. २०२३ साली कायदा बदलला. आता सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे पाणी, सांडपाणी आणि शौचालयाची सोय आतच असलेली, म्हणवून घ्यायला गाडीत कायमचं बसवलेलं शौचालय हवं आणि काचेवर हिरवं प्रमाणपत्र हवं. भाड्याच्या गाड्यांना ते डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. गाडी घेताना हिरवा कागद आहे का आणि त्यावर किती माणसं लिहिली आहेत ते पाहा. दोन माणसांच्या प्रमाणपत्रावर चौघं झोपले तर तो नियमभंगच.

हिरवं प्रमाणपत्र असलं तरी कुठे थांबायचं हे त्या त्या भागाची नगरपालिका ठरवते. क्वीन्सटाउनच्या आसपास नियम कडक आहेत. जागेवरची पाटी हाच शेवटचा शब्द, ॲपवरचा जुना अभिप्राय नव्हे. दंड ४०० डॉलरपासून पुढे असतो, तो भाड्याच्या कंपनीमार्फत तुमच्याच कार्डावर येतो आणि कंपनी वर आपलं हाताळणी शुल्क लावते.

आमचा कल संवर्धन खात्याच्या, म्हणजे ‘डॉक’च्या तळांकडे आहे. थोडे पैसे भरून रान, नदी, डोंगर अगदी दाराशी मिळतात. माउंट कुकच्या पायथ्याचा व्हाइट हॉर्स हिल तळ हूकर व्हॅलीच्या पायवाटेच्या तोंडाशी आहे. मिलफर्डच्या रस्त्यावर कॅस्केड क्रीक आहे. साध्या तळांवर खड्ड्याचं शौचालय असतं आणि ओढ्याचं पाणी उकळून प्यावं लागतं. वीज नसते. म्हणून दोन रात्री डॉक आणि तिसरी हॉलिडे पार्क, म्हणजे वीज-पाण्याची सोय असलेला तळ. तिथे दोघांसाठी वीजजोडणीची जागा साधारण ५० ते ७० डॉलरला मिळते, आणि गरम पाण्याच्या अंघोळी, कपडे धुण्याचं यंत्र, डंप स्टेशन, सगळं एका ठिकाणी उरकतं.

रस्त्याची गणितं

नकाशावरच्या वेळेत एक तृतीयांश भर घाला. नागमोडी राज्यमार्गांवर व्हॅनचा सरासरी वेग ताशी साठ-सत्तरच पडतो. दिवसाला दोनशे किमी ही सुखाची मर्यादा. मागे गाड्यांची रांग लागली तर डावीकडच्या रुंद जागेत थांबून त्यांना जाऊ द्या. तिथे हा शिष्टाचार मनापासून पाळला जातो.

एकपदरी पूल पश्चिम किनाऱ्यावर पावलोपावली येतात. लाल कडेची गोल पाटी आणि तुमच्या दिशेचा छोटा लाल बाण दिसला तर थांबायचं. निळी चौकोनी पाटी आणि तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर वाट तुमची. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि खरोखर थांबायचं. हॉर्न जवळजवळ वाजवायचाच नाही.

चौदा दिवसांत क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, ‘ते अनाउ’ हे गाव आणि मिलफर्ड, परत वानाकावरून हास्ट, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका, आर्थर्स पास आणि क्राइस्टचर्च असं वर्तुळ आरामात होतं. क्राइस्टचर्च ते टेकापो साधारण २२५ किमी, टेकापो ते माउंट कुक १०५, वानाका ते हास्ट १४०च्या आसपास. वानाका-क्वीन्सटाउन मधला क्राउन रेंजचा घाट अकराशे मीटरांच्या घरात जातो. मोठ्या गाडीने क्रॉमवेलवरून कावाराऊ घळीचा रस्ता धरा, थोडा लांब पण सोपा.

इंधन अर्ध्यावर आलं की भरा. हास्ट ते फॉक्स ग्लेशियर या १२० किमीत पंप मिळेल असं धरून चालू नका. ‘ते अनाउ’हून मिलफर्डला जाऊन-येऊन २४० किमी होतात, टाकी ‘ते अनाउ’लाच पूर्ण भरा. याच भागांत फोनही लागत नाही, नकाशे आधी उतरवून ठेवा. मिलफर्डच्या वाटेवरचा होमर बोगदा १.२ किमीचा आहे, उन्हाळ्यात दिवसा सिग्नलने एकेरी वाहतूक सोडतात. मे ते नोव्हेंबर मिलफर्डच्या रस्त्यावर चाकांच्या साखळ्या सोबत लागतात, आणि त्या बांधायचा सराव डेपोच्या आवारातच करून घ्या. हिवाळ्यात सपाटीवर भरलेलं डिझेल डोंगरातल्या थंडीत घट्ट होऊ शकतं. टेकापो, वानाकासारख्या गावांतल्या पंपांवर अल्पाइन डिझेल मिळतं, ते भरा.

स्वयंपाक आणि विमानतळावरची तपासणी

न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी अतिशय काटेकोर आहे. खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू नाकारली गेली तर टाकून देतात, विषय संपतो. लपवलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड. ताजी फळं, कढीपत्ता आणि मध नेऊच नका. चढाईचे बूट घासून, तळव्यातली माती काढून न्या, आणि तेही जाहीर करा. डाळ, तांदूळ, पोहे, कणीक, मसाले क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांत मिळतात. पहिल्याच दिवशी तिथे जा, कारण टेकापोला हिंगाची डबी मिळायची नाही.

घरून दोन लिटरचा कुकर जरूर न्या. गॅस वाचतो आणि मुगाच्या खिचडीने पावसाळी संध्याकाळ निभते. फोडणी मात्र खिडकी आणि छताची झडप उघडून, शक्यतो बाहेर. धुराचा अलार्म मोहरी तडतडताच बोंब मारतो. तो काढून ठेवणं धोक्याचं आहे, कारण झोपायच्या खोलीतच तुमची गॅसची शेगडी आहे. निघताना गॅस बंद, छताची झडप बंद, कपाटांच्या कड्या लागलेल्या आणि पायरी आत, ही चौकडी दर वेळी मोठ्याने म्हणून तपासा.

रानातली शेजारमंडळी

पश्चिम किनारा आणि मिलफर्डला सँडफ्लाय चावतात आणि खाज कित्येक दिवस जात नाही. त्या उजेडात, विशेषतः सकाळ-संध्याकाळ, त्रास देतात, काळोख पडला की शांत होतात. चालत्या माणसाला सहसा गाठत नाहीत. गाडी उभी केल्या केल्या दार बंद, मग औषध लावून बाहेर.

आर्थर्स पास आणि होमर बोगद्याजवळ किया हे डोंगरी पोपट येतात. गाडीच्या रबरी पट्ट्या आणि वायपर उचकटणं हा त्यांचा आवडता उद्योग. खायला घालू नका. माणसाच्या अन्नाने ते रस्त्याला चिकटतात आणि गाड्यांखाली मरतात. सीलपासून २० मीटर अंतर ठेवा. ओमारूला संध्याकाळनंतर गाडी हलवण्याआधी वाकून चाकांखाली बघा, छोटे निळे पेंग्विन आडोशाला बसलेले असतात. एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना बूट आणि कपडे स्वच्छ करून पूर्ण वाळवा, डिडिमो नावाचं शेवाळ ओल्या वस्तूंतून पसरतं.

टेकापो आणि माउंट कुकचा परिसर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय गडद-आकाश राखीव क्षेत्र आहे. तिथे रात्री पडदे लावा, बाहेरचा दिवा बंद ठेवा, आणि अमावास्येच्या आसपासच्या रात्री आखून ठेवा. पौर्णिमेला तिथे पोचलात तर आकाशगंगा दिसणार नाही.

परत देताना

आदल्या रात्री डेपोपासून तासाभराच्या आत मुक्काम करा. सकाळी दोन्ही टाक्या आणि पेटी रिकामी करा, डिझेल भरा, गॅसच्या बाटलीचं करारात काय ठरलंय ते पाहा. आतून झाडून घ्या आणि पुन्हा व्हिडिओ काढा, या वेळी इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा धरून. पेटी भरलेली दिली तर कंपन्या भक्कम शुल्क लावतात. डेपो बंद झाल्यावर चावी टाकून जायची सोय असली तरी ती टाळा. कर्मचाऱ्याबरोबर गाडीभोवती फिरून ‘नुकसान नाही’ असं लिहून घेतलं की ठेवीची रक्कम सुटण्यात अडचण येत नाही, आणि तो कागद पैसे खात्यात दिसेपर्यंत जपून ठेवा.